अचानक पोट साफ होईना? एरंडेल घेण्याआधी हे वाचा

मी फार्मासिस्ट आहे, १७ वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे. दुकानात गर्दी असताना एखादा माणूस बाजूला सरकून, बाकीचे जायची वाट बघत उभा राहिला की मला बहुतेक वेळा कळतं याला काय हवंय. "पोट साफ व्हायचं काहीतरी द्या ना." इतक्या हळू आवाजात की दोनदा विचारावं लागतं.

गेल्या वर्षी पावसाळ्यात ओळखीचा एक मुलगा आला, म्हणाला दादा एरंडेलाची बाटली द्या, बाबांना तीन दिवस संडासला झालेलं नाही. बाबा सत्तरीचे, तब्येतीने चांगले, रोज पेपर आणायला समोरूनच जायचे. मी विचारलं, वारा सरतोय का त्यांचा? तो म्हणाला नाही, कालपासून तेही बंद आहे, पोट फुगलंय आणि सकाळपासून दोन उलट्या झाल्यात. मी बाटली दिली नाही, म्हटलं आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला घेऊन जा. जांघेत जुना हर्निया निघाला, लाजेपोटी घरात कुणालाच सांगितलेलं नव्हतं, आणि त्यात आतडं अडकून बसलेलं. त्याच रात्री ऑपरेशन झालं, आता ठीक आहेत. एरंडेल दिलं असतं तर पुढून रस्ता बंद आणि मागून जोर, अशी अवस्था झाली असती त्या आतड्याची.

त्यात २०२५ पासून वजन कमी करायची नवी इंजेक्शनं आपल्याकडे मिळायला लागल्यावर तिशी-चाळिशीतली माणसंही हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

## रोज झालंच पाहिजे का?

नाही. आपल्याकडे सकाळी उठल्या उठल्या पोट साफ झालं नाही तर दिवस वाईट जाणार असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं, पण दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, हे सगळं नॉर्मलमध्ये येतं. तुमचं शरीर दिवसाआड जाणारं असेल आणि त्रास काही नसेल तर तो आजार नाही.

बद्धकोष्ठता म्हणजे आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणं, किंवा खडा होणं, खूप कुंथावं लागणं, जाऊन आल्यावरही अजून आत राहिलंय असं वाटत राहणं. म्हणजे रोज जाणाऱ्यालाही बद्धकोष्ठता असू शकते. कितीदा झालं यापेक्षा कसं झालं हे डॉक्टरांना जास्त सांगून जातं. त्यासाठी १९९७ पासून ब्रिस्टल स्केल नावाचा एक चित्रांचा तक्ता वापरतात, त्यात सात प्रकार आहेत. पहिला म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, सातवा म्हणजे निव्वळ पाणी, आणि तिसरा-चौथा हा चांगला, मऊ आणि एकसंध. पहिल्या दोनात असाल तर तुमचा माल आत जास्त वेळ पडून राहिलाय.

## आत नक्की काय चालतं

घरी श्रीखंडासाठी चक्का करताना दही फडक्यात बांधून टांगतो ना, मोठं आतडं म्हणजे ते फडकं समजा. छोट्या आतड्यातून रोज साधारण एक-दीड लिटर पातळ माल मोठ्या आतड्यात येतो, दीडेक मीटर लांबीच्या त्या नळीत त्यातलं पाणी शोषलं जातं, आणि शेवटी बाहेर पडतं त्यात पाणी असतं जेमतेम १००-२०० मिली. दही जितका जास्त वेळ टांगाल तितका चक्का घट्ट. तसंच हे. माल पुढे सरकायचा वेग कमी झाला की पाणी जास्त शोषलं जातं, मग तो कडक होतो, कडक झाला की आणखी हळू सरकतो.

म्हणून बिघाड तीनच ठिकाणी होऊ शकतो. एक तर मालच कमी किंवा कोरडा, म्हणजे जेवणात चोथा नाही, पाणी नाही. दुसरं म्हणजे ढकलणारे स्नायू मंदावले, औषधांमुळे किंवा आजारामुळे. तिसरं, बाहेरचा रस्ताच अडलाय किंवा दार उघडत नाहीये. पुढचं सगळं या तिघांपैकी कुठेतरी बसतं.

अजून एक गोष्ट, पोटात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला "पुढे सरका" असा निरोप जातो आणि तो सकाळी उठल्यावर, नाश्त्यानंतर सगळ्यात जोरात असतो. चहा घेतल्याशिवाय प्रेशर येत नाही म्हणतात त्यात तथ्य आहे, काहीतरी गरम पोटात जातं, कॅफीनही असतं. पण तेव्हाच आपण डबा भरत असतो, लोकल पकडत असतो, मुलांना शाळेत सोडत असतो, आणि तो निरोप रोज दाबत गेलो की हळूहळू जाणवेनासा होतो.

## "अचानक" हा शब्द महत्त्वाचा आहे

वीस वर्षं त्रास असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी, त्याच्याबद्दल नंतर कधीतरी. ज्याचं पोट घड्याळासारखं चालत होतं आणि आता अचानक बंद पडलंय, त्याला मी पहिल्यांदा विचारतो, गेल्या पंधरा दिवसांत काय बदललं?

बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळतं. प्रवास झालेला असतो. एसटीचा आठ-दहा तासांचा प्रवास, आणि बायका तर स्टँडवरच्या बाथरूमची अवस्था माहीत असल्यामुळे आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत, आलेलं प्रेशर गावाला पोचेपर्यंत दाबून ठेवतात. दोन दिवसांच्या लग्नाला जाऊन आलेल्या बाईला चार दिवस होत नाही यात नवल काही नाही, आणि यात चूक तिची नाही, बायकांसाठी रस्त्यावर धड स्वच्छतागृहं नाहीत हे त्याचं खरं कारण आहे.

नाहीतर उपवास. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, पण दुप्पट खातो ते काय, तर साबुदाणा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, त्यात चोथा नाहीच म्हटलं तरी चालेल. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा, बटाटा आणि चहा यावर काढले की दहाव्या दिवशी माणूस माझ्याकडे येतो. तसंच आजारपण, ताप येऊन आठवडाभर अंथरुणावर पडलेलं असणं, जेवण अर्ध्यावर आलेलं असणं. उन्हाळ्यात घाम खूप आणि पाणी कमी. घर बदललं, ड्युटी नाइटला लागली. आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं, मिश्री, तंबाखू किंवा सिगरेट सोडल्यावर काही जणांना थोडे दिवस असं होतं कारण निकोटीन आतड्याला ढकलत असतं. तेवढ्यासाठी परत सुरू करू नका प्लीज, हे काही आठवड्यांत जागेवर येतं.

ही कारणं असतील, पोट दुखत नसेल, वारा सरत असेल, तर घाबरायचं कारण नाही. कारण दूर झालं की आठवड्याभरात गाडी रुळावर येते.

## गोळ्यांची पिशवी

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हे माझ्या डोळ्यासमोर रोज घडतं आणि घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

रक्त वाढायच्या लोहाच्या गोळ्या आणि कॅल्शियम, या दोन सगळ्यात कॉमन. गरोदर बाईला दोन्ही एकदम सुरू होतात, वर गरोदरपणातल्या हार्मोनमुळे आतडं तसंही मंद झालेलं असतं, मग ती बिचारी कंटाळून गोळ्या घेणंच सोडते. तसं करू नका, डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते किंवा सोबत सौम्य औषध देता येतं.

दुखण्याच्या जोरदार गोळ्या, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल वगैरे. ऑपरेशननंतर किंवा फ्रॅक्चर झाल्यावर देतात. या अफूच्या कुळातल्या, दुखणं दाबतात तसं आतड्यालाही झोपवतात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध त्याच कुळातलं. पोटात मुरडा आला म्हणून घेतलेली डायसायक्लोमाइन, उलटी थांबवायची ऑनडॅनसेट्रॉन, जुलाब थांबवायची लोपेरामाइड (ही दोन घ्यायच्या ऐवजी सहा घेतली की पुढचे चार दिवस बंद), सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, डिप्रेशनसाठी देतात ती अ‍ॅमिट्रिप्टिलिन, नसांच्या दुखण्याची प्रीगॅबालिन. बीपीच्या काही गोळ्या, व्हेरापामिल तर यासाठी ओळखलीच जाते, आणि लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या, ज्यांनी शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम दोन्ही कमी होतं. पोटॅशियम कमी झालं की आतड्याचा स्नायू ढिला पडतो.

आता वजनाची आणि शुगरची इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड. यांचं कामच मुळात पोट हळू रिकामं करायचं आणि भूक मारायची. माणूस निम्मं जेवतो, पाणीही कमी पितो, आतडं मंद चालतं, तिन्ही गोष्टी एकदम. त्यामुळे बद्धकोष्ठता हा त्यांचा नेहमीचा साइड इफेक्ट आहे आणि डोस वाढवल्यावर जास्त जाणवतो. बहुतेकांना पाणी, भाज्या आणि सौम्य औषधाने जमून जातं. पण क्वचित आतड्याची हालचाल पूर्णच थांबल्याच्या केसेस आल्या, म्हणून २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने सेमाग्लुटाइडच्या माहितीपत्रकात तसा उल्लेख घालायला लावला. हे इंजेक्शन चालू असताना पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा. आणि कुणाच्या सांगण्यावरून ऑनलाइन मागवून घेतलेलं असेल तर ते लपवू नका.

व्हिटॅमिन डीचं पण बघा. साठ हजार युनिटची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, ती रोज घेणारे लोक मी बघितलेत, वर कुणीतरी इंजेक्शन पण दिलेलं. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग बद्धकोष्ठता, सतत तहान, भरपूर लघवी, मळमळ, आणि वयस्कर माणूस असेल तर गोंधळल्यासारखं वागणं. घरच्यांना वाटतं वय झालं.

यातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, हे मला हात जोडून सांगायचंय. डॉक्टरांना विचारा, बहुतेक वेळा पर्याय असतो.

## गोळ्या नाहीत, उपवास नाही, प्रवास नाही, मग?

मग शरीरात दुसरं काही चाललंय का ते बघायला हवं. थायरॉइड कमी काम करत असेल तर आतडं मंदावतं, सोबत थकवा, वजन वाढणं, थंडी जास्त वाजणं. जुन्या शुगरमध्ये आतड्याच्या नसा खराब होतात. पार्किन्सनमध्ये हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी बद्धकोष्ठता सुरू झालेली असू शकते. शिशाची विषबाधा हेही एक कारण आहे, पोटात कळा, बद्धकोष्ठता आणि रक्त कमी असं एकत्र दिसतं, आणि ओळखीच्या वैद्याकडून लेबल नसलेली भस्मं घेत असाल तर हे डॉक्टरांना जरूर सांगा.

फिशर म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर. एकदा कडक झालं, चीर पडली, पुढच्या वेळी काचेच्या तुकड्यासारखं टोचतं म्हणून माणूस जायलाच घाबरतो, थांबवतो, मग आणखी कडक, आणखी चीर. हे चक्र मऊ करणाऱ्या औषधाने आणि कोमट पाण्याच्या टबात बसून बहुतेक वेळा मोडतं, पण सुरुवातीलाच सांगितलं तर.

आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर. घाबरवायला लिहीत नाही, अचानक झालेल्या बद्धकोष्ठतेत हे कारण थोड्याच लोकांत निघतं, पण वेळेवर सापडला तर बरा होणारा आजार आहे आणि आपल्याकडे तो उशिरा सापडतो कारण माणसं बोलत नाहीत.

## आज रात्रीच जायचं की पुढच्या आठवड्यात?

आज, आत्ता, १०८ ला फोन करून असेल तरी चालेल, पण थांबायचं नाही: संडास आणि वारा दोन्ही बंद, पोट फुगून ताठ, कळा येतायत, उलट्या होतायत. याला डॉक्टर ऑब्स्ट्रक्शन म्हणतात, आतड्याचा रस्ता बंद. हर्निया अडकणं, आतड्याला पीळ पडणं, गाठ असणं, किंवा जुन्या ऑपरेशननंतर आतडी आतल्या आत चिकटणं, यातलं काहीही असू शकतं. सिझेरियन किंवा अपेंडिक्सचं ऑपरेशन वीस वर्षांपूर्वी झालेलं असलं तरी ते सांगायचं. जांघेतला फुगा नेहमी आत जायचा आणि आज जात नाही, दुखतोय, तर तेही याच्यातच. अशा वेळी तोंडातून काही द्यायचं नाही, ना एरंडेल, ना इसबगोल, ना जेवण.

दुसरं, कंबर खूप दुखतेय, पायात ताकद नाही, बसायच्या जागी बधिर झालंय, लघवीही अडकलीय. हे पोटाचं नाही, मणक्यातल्या नसा दाबल्याचं आहे आणि यात तास मोजावे लागतात.

आठवड्याभरात दाखवायचं ते असं: शौचातून रक्त, डांबरासारखं काळं चिकट शौच (लोहाच्या गोळीनेही काळं होतं, पण ते चिकट आणि घाण वासाचं नसतं), कारण नसताना वजन उतरणं, रक्त कमी निघणं, घरात आई-वडिलांना किंवा भावंडाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणं. शिवाय पंचेचाळीस-पन्नाशीनंतर पोटाची सवय पहिल्यांदाच बदलली आणि ती दोन-तीन आठवडे तशीच राहिली, तर बाकी काही नसलं तरी दाखवा. डॉक्टर कदाचित कोलोनोस्कोपी सांगतील, म्हणजे कॅमेरा लावलेली बारीक नळी घालून आतडं आतून बघणं. गुंगी देऊन करतात, त्रास आदल्या दिवशीच्या जुलाबाच्या औषधाचा जास्त असतो.

"रक्त पडतंय पण ते मूळव्याधीचंच असेल" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. असेलही. पण मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसाला असू शकतात, आणि बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही.

## पण पाणी भरपूर प्यायलं की झालं ना?

पाणी कमी पीत असाल तर फरक पडतो. आधीच पुरेसं पीत असाल तर आणखी चार ग्लास ढोसून उपयोग नाही, ते लघवीवाटे जातं. चोथा आणि पाणी दोन्ही मिळून काम होतं. मोठ्या माणसाला दिवसाला २५-३० ग्रॅम चोथा लागतो. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम असतो, पांढऱ्या तांदळात ३ च्या आसपास, मैद्यातही तेवढाच. भाकरी, पालेभाजी, उसळ, पेरू हे जेवण आपल्या आज्यांचं रोजचं होतं. एकदम वाढवू नका, पोट फुगेल, आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

कमोडवर बसत असाल तर पायाखाली छोटा स्टूल घ्या. आत एक स्नायू आतड्याच्या शेवटच्या भागाला दोरीसारखा ओढून धरतो, बागेतल्या पाइपला घडी पडते तसं, आणि गुडघे वर आले की ती घडी सुटते. उकिडवं बसण्याचा फायदा तोच.

## "आयुर्वेदिक चूर्ण आहे, त्याने काय होतंय"

बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते, ती आतड्याला चिमटा काढल्यासारखं ढकलते. थोडे दिवस, योग्य मात्रेत घ्यायला हरकत नाही, आणि अशा औषधाने आतडं कायमचं निकामी होतं अशी जी भीती आहे तीही ठरलेल्या मात्रेत घेणाऱ्यांच्या बाबतीत खरी नाही. प्रॉब्लेम होतो तो रोज डोस वाढवत नेणाऱ्यांना, जुलाब होऊन पोटॅशियम जातं. आणि एरंडेल गरोदर बाईने घ्यायचं नाही, त्याने कळा सुरू होऊ शकतात.

इसबगोल चांगलं, पण पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, फुगायच्या आत प्यायचं. कोरडं चमच्याने तोंडात टाकलं तर घशात अडकू शकतं. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यात दोन तासांचं अंतर ठेवा. लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर पाणी धरून ठेवून मऊ करते, ही डॉक्टरांच्या सांगण्याने जास्त दिवस घेतली तरी चालते. किडनीचा आजार असेल तर मॅग्नेशियमचं औषध आणि फॉस्फेटचा एनिमा न विचारता घ्यायचा नाही.

## आजी आणि बाळ

म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं, आठ दिवस झालं नाही आणि आता अचानक पातळ पातळ थोडं थोडं कपड्यात होतंय. घरचे जुलाब थांबवायची गोळी मागायला येतात. पण बऱ्याचदा आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने फक्त पाणी झिरपतं. ती गोळी दिली की आणखी अडकतं, लघवीही बंद होऊ शकते. माझ्या स्वतःच्या आजीच्या बाबतीत आम्ही हेच केलं, फार हाल झाले तिचे, तेव्हा मी हे काम शिकलेलोही नव्हतो. शाळेतल्या बाथरूमला जायचं टाळणाऱ्या मुलांच्या चड्डीला जे डाग पडतात तेही अनेकदा असेच, त्यांना ओरडू नका.

अंगावर पिणारं दीड-दोन महिन्यांचं बाळ चार-पाच दिवस शी करत नाही, नंतर मऊ करतं, छान पितं, हसतं, वजन वाढतंय, तर ते ठीक आहे. साबणाची वडी किंवा पानाचं देठ घालू नका, नाजूक जागा असते, जखम होते. पण जन्मल्यावर ४८ तासांत पहिली काळी शी झाली नसेल, पोट फुगलं असेल, हिरवी उलटी झाली असेल तर लगेच बालरोगतज्ज्ञ. आणि बाळगुटी मधात उगाळून देतात ते वर्षाच्या आत पूर्ण बंद करा. मधात काही जंतूंची बीजं असू शकतात, ती लहान बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात, आणि त्या आजाराचं पहिलं लक्षण बहुतेकदा बद्धकोष्ठताच असतं, मग बाळ मलूल होतं, ओढून पिईनासं होतं, आवाज क्षीण होतो.

## डॉक्टरकडे गेल्यावर

ते पोट दाबून बघतील आणि बऱ्याचदा हातमोजा घालून बोटाने आतून तपासायचं म्हणतील. इथे निम्मे लोक नको म्हणतात. एका मिनिटाची तपासणी आहे, त्यात अडकलेला खडा, चीर, खालच्या भागातली गाठ हाताला लागू शकते, त्यांच्यासाठी ते रोजचं काम आहे. हो म्हणा. शेवटचं कधी झालं, कसं झालं, वारा सरतोय का, रक्त होतं का, हे आधीच आठवून ठेवा. आणि गोळ्यांची पिशवी अख्खी घेऊन जा, चालू असलेल्या, गेल्या महिन्यात बंद केलेल्या, शेजारच्या काकूंनी दिलेल्या, सगळ्या.